लघुव्यवसायाचे संचालन आणि क्रीडावृत्ती : स्वरूप, उपयुक्तता व मर्यादा

बीजशब्द : लघुव्यवसाय, क्रीडावृत्ती, बालसुलभता, कामगार-मालक संबंध, स्वेच्छा, उद्योजकता.

प्रस्तावना

व्यवसाय ही गंभीर बाब आणि खेळ हा रिकाम्या वेळेचा विरंगुळा, अशी विभागणी आपल्या समाजमनात खोलवर रुजलेली आहे. दुकानात, कारखान्यात किंवा कार्यालयात 'हा काय पोरखेळ चालवला आहे?' असा प्रश्न विचारला जातो, तो दटावण्यासाठीच. मात्र वाणिज्याची मराठी परिभाषा पाहिली तर एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. व्यवसायाच्या दैनंदिन गरजेसाठी लागणाऱ्या भांडवलाला मराठीत 'खेळते भांडवल' म्हणतात. घरात हवा खेळती असावी लागते, तसा धंद्यात पैसा खेळता असावा लागतो. अडकून पडलेला पैसा व्यवसायाला मारक ठरतो, हे तत्त्व प्रत्येक दुकानदार जाणतो. हेच तत्त्व तेथे काम करणाऱ्या माणसांच्या बुद्धीला आणि उत्साहाला लागू पडते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मोठ्या कंपन्यांमध्ये कामाच्या जागी खेळ, गमतीचे कार्यक्रम, रंगीबेरंगी विश्रांतिकक्ष यांचा बराच गाजावाजा झाला. लघुव्यवसायाची स्थिती वेगळी असते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार भारतात अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. या मर्यादेच्या पुष्कळ खाली असणारी, पाच-दहा माणसांच्या बळावर चालणारी दुकाने, छापखाने, बेकऱ्या, खानावळी, दुरुस्तीची केंद्रे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तेथे विश्रांतिकक्षाला जागा नसते, मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग नसतो आणि मालक सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसलेला असतो. तेथील वातावरण मालकाच्या स्वभावावरच ठरते. म्हणूनच क्रीडावृत्तीचा प्रश्न तेथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे

१. क्रीडावृत्ती या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे लघुव्यवसायातील तिची उपयुक्तता तपासणे.
३. सक्तीच्या आनंदाचे दुष्परिणाम लक्षात घेऊन तिच्या मर्यादा व अटी निश्चित करणे.

क्रीडावृत्ती : संकल्पनेचे स्वरूप

मराठीत 'बालसुलभ' आणि 'बालिश' असे दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद या विषयाच्या मुळाशी आहे. जबाबदारी टाळणारे, हट्टी, क्षणिक लहरीवर चालणारे वर्तन बालिश होय. कुतूहल, एखाद्या गोष्टीत पूर्ण रमून जाणे, रचलेले मोडून पुन्हा रचण्याची तयारी आणि चुकल्याची लाज न वाटणे ही बालसुलभ वृत्तीची लक्षणे होत. व्यवसायात अपेक्षित आहे ती ही दुसरी वृत्ती.

खेळाचा तात्त्विक विचार करणाऱ्या अभ्यासकांमध्ये डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांचे स्थान अग्रगण्य आहे. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात त्यांनी संस्कृतीच्या जडणघडणीत खेळाचा वाटा किती मोठा आहे, हे दाखवून दिले. त्यांच्या मते खेळाचे पहिले लक्षण स्वेच्छा हे आहे. आज्ञेवरून केलेला खेळ हा खेळ राहत नाही. स्थळकाळाची मर्यादा आणि स्वतःचे नियम ही त्याची पुढील लक्षणे होत. फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ साली खेळांचे चार प्रकार सांगितले : स्पर्धेचे, दैवाचे, सोंगाचे आणि भोवळीचे. व्यवसायात 'खेळ' आणायचा म्हटले की बहुधा पहिलाच प्रकार आणला जातो. विक्रीची उद्दिष्टे, महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी, बक्षिसे ही त्याची रूपे होत. पाच माणसांच्या दुकानात अशा स्पर्धेत एक जिंकतो आणि चार हरतात. त्या चौघांना दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी उभे राहून काम करावयाचे असते. सोंगाचा, म्हणजे सादरीकरणाचा, खेळ मात्र सर्वांनी मिळून खेळता येतो. भाजीमंडईतील यमक जुळवलेल्या आरोळ्या किंवा भेळ कालवताना पातेल्यावर पळीने धरलेला ताल ही त्याची आपल्याकडील साधी उदाहरणे होत.

मुलांच्या खेळात शिस्त नसते, हा समजही तपासून पाहावा लागतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मधील आपल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, खेळातील नियम मूल आपणहून पाळते आणि तो पाळण्यातच त्याला आनंद मिळतो. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून याला पूरक असा विचार मांडला. कामातील आव्हान आणि करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसला म्हणजे माणूस कामात रंगून जातो. आव्हान कमी पडले की कंटाळा येतो आणि अधिक झाले की चिंता ग्रासते. सारांश, स्वेच्छा, नियम आणि कौशल्याला साजेसे आव्हान या तीन गोष्टी एकत्र आल्यावाचून क्रीडावृत्ती सिद्ध होत नाही.

सिएटलचे मासळीचे दुकान

या विवेचनाची प्रत्यक्षातील प्रचिती देणारे एक सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहरात आहे. तेथील पाईक प्लेस मार्केट हा बाजार १९०७ साली सुरू झाला. या बाजारातील मासळीचा एक गाळा तेथे काम करणाऱ्या जॉन योकोयामा या तरुणाने १९६५ साली विकत घेतला. मासळीचा धंदा कोठेही कष्टाचाच असतो. पहाटेची सुरुवात, बर्फ, ओल, वास, दिवसभर उभे राहणे आणि माल नाशवंत असल्यामुळे सतत टांगती तलवार, हे त्याचे स्वरूप. योकोयामा यांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे आरंभीच्या काळात त्यांची कारभाराची रीत रागाची आणि धाकाची होती.

या दुकानाची जगभर प्रसिद्ध झालेली प्रथा म्हणजे मासे फेकणे. ग्राहक गाळ्याच्या पुढील बाजूस बर्फावर मांडलेला मासा निवडतो. पुढे उभा असलेला विक्रेता मागणी मोठ्याने पुकारतो, बाकीचे सर्वजण ती एका सुरात पुन्हा उच्चारतात आणि मासा हवेतून फलाटामागील सहकाऱ्याकडे जातो. तो झेलून, तोलून, कागदात गुंडाळून ग्राहकाच्या हाती देतो. पाहणाऱ्याला हा निव्वळ तमाशा वाटतो. वास्तविक या प्रथेचा उगम कामाच्या सोयीत आहे. प्रत्येक मागणीसाठी पुढील मांडणीपर्यंत जाऊन मासा घेऊन परत मागे येण्याचे हेलपाटे वाचावेत, म्हणून मासा फेकण्यास सुरुवात झाली. एका सुरात दिलेल्या प्रतिसादामुळे मागणी सर्वांच्या कानांवर जाते. निसरडा, वजनदार मासा न पाडता झेलणे हे कसब आहे आणि ते सरावानेच साध्य होते. म्हणजेच हा खेळ कामाच्या पोटातून जन्माला आला. तो बाहेरून आणून कामावर चिकटवलेला नव्हता.

केवळ मासे फेकल्याने मात्र दुकान तरले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास व्यवसाय दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. १९८६ मध्ये जिम बर्गक्विस्ट या सल्लागाराच्या साहाय्याने झालेल्या बैठकीत आपले दुकान काय व्हावे, असा प्रश्न सर्वांसमोर ठेवण्यात आला. एका तरुण कर्मचाऱ्याने 'जगप्रसिद्ध' असे उत्तर दिले. एका बाजारातील गाळ्याने जगप्रसिद्ध व्हावे, ही कल्पना पोरकटच होती. तरीही तिची खिल्ली उडवून ती बाजूला सारली गेली नाही. जगप्रसिद्ध होणे म्हणजे काय, याचा अर्थ सर्वांनी मिळून लावला : समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाशी, तो खरेदी करो वा न करो, असे वागावयाचे की त्याच्या तो दिवस लक्षात राहावा. ग्राहकाला फलाटामागे बोलावून मासा झेलू देणे ही त्याचीच एक रीत ठरली. पुढे १९९८ साली चार्टहाउस लर्निंग या संस्थेने या दुकानावर प्रशिक्षणपट काढला, २००० साली त्यावर आधारित 'फिश!' हे पुस्तक आले आणि त्याचा प्रसार अनेक देशांत झाला.

या घटनाक्रमातील निर्णायक क्षण कोणता, याविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. मासे फेकणे हे नाट्यमय असल्यामुळे लक्ष तिकडे वेधले जाते. परंतु खरा बदल घडला तो मालकाने आपल्या अधिकाराचा एक भाग सोडला तेव्हा. दुकानाने काय व्हावे, हे ठरविण्याचा हक्क एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला मिळाला आणि मालकाने तो मानला. धाकाच्या वातावरणात ते उत्तर त्या तरुणाच्या मनात आले असते, तरी ओठांवर आले नसते.

खेळाची मालकी कोणाची?

याच काळातील दुसरे उदाहरण व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील आईस्क्रीमच्या दुकानाचे आहे. बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड या बालमित्रांनी पाच डॉलर शुल्काचा पत्रद्वारा अभ्यासक्रम पूर्ण करून १९७८ साली एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत 'बेन अँड जेरीज' हे दुकान उघडले. कोहेन यांना वास आणि चव यांची जाणीव फारच कमी होती. त्यामुळे तोंडात जाणवतील असे मोठे तुकडे आईस्क्रीममध्ये घालण्याकडे त्यांचा कल झाला आणि तेच त्यांच्या मालाचे वैशिष्ट्य ठरले. १९७९ साली दुकानाच्या पहिल्या वर्धापनदिनी त्यांनी येईल त्याला फुकट आईस्क्रीम वाटले आणि ती प्रथा पुढे चालू राहिली. गमतीदार नावे, नवनवे स्वाद आणि सामाजिक प्रश्नांवर उघड भूमिका यांमुळे हा व्यवसाय वाढत गेला.

२००० साली युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. सामाजिक भूमिका मांडण्याच्या स्वातंत्र्यावरून पुढे मतभेद वाढले आणि ते स्वातंत्र्य उरले नाही, असे सांगून ग्रीनफिल्ड सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. याउलट सिएटलचे दुकान योकोयामा यांनी २०१८ साली तेथेच वर्षानुवर्षे काम केलेल्या चार कर्मचाऱ्यांना विकले. या दोन उदाहरणांच्या आकारमानात व परिस्थितीत पुष्कळ अंतर असल्यामुळे त्यांची सरसकट तुलना योग्य होणार नाही. तथापि एक गोष्ट दोहोंवरून दिसते. खेळाचे नियम ठरविणारे आणि खेळणारे यांच्यातील अंतर वाढत गेले की खेळाचे बाह्य रूप टिकते, परंतु त्याचा प्राण टिकेलच असे नाही. लघुव्यवसायात हे अंतर मुळातच कमी असते. भांडवलाच्या बाबतीत दुबळ्या असलेल्या या क्षेत्राचे हे एक नैसर्गिक सामर्थ्य होय.

सक्तीचा आनंद

क्रीडावृत्तीचा पुरस्कार करताना तिच्या विकृतीकडे डोळेझाक करता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 'द मॅनेज्ड हार्ट' (१९८३) या ग्रंथात विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. वेतनाच्या बदल्यात हसू विकावे लागते तेव्हा माणूस स्वतःच्या भावनांपासून दुरावतो, हे त्यांचे निरीक्षण होते. पीटर फ्लेमिंग यांनी २००५ साली ऑस्ट्रेलियातील एका कॉल सेंटरमधील 'मजेच्या संस्कृती'चा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला लहान मुलांसारखे वागवले जाते, ही भावना तेथील अनेक कर्मचाऱ्यांत उपहास निर्माण करीत असल्याचे त्यात दिसून आले. ईथन मॉलिक व नॅन्सी रॉथबार्ड यांच्या २०१४ मधील अभ्यासानेही हीच बाब पुढे आणली : कामाच्या जागी योजलेल्या खेळाला कर्मचाऱ्याची मनापासून संमती असेल तर त्याची प्रसन्नता वाढते, संमती नसेल तर ती उलट घटते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. फ्रान्समध्ये एका सल्लागार कंपनीतील कर्मचाऱ्याने कंपनीच्या 'मजेच्या' संस्कृतीत व मद्यपानाच्या मेळाव्यांत सहभागी होण्यास नकार दिला आणि त्याला कामावरून काढण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतो, असा निर्वाळा दिला. हुइझिंगा यांनी तत्त्वचर्चेत सांगितलेले खेळाचे पहिले लक्षण येथे कामगाराचा कायदेशीर हक्क म्हणून पुढे आले.

कोसबाडची शिकवण आणि अंगणातील नियम

मालकाने खेळाची आज्ञा देऊ नये, तर मग त्याने करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा अनुभव मोलाचा ठरतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते बहरले. परदेशी, महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया यांपासून त्यांनी खेळाची साधने तयार केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता अंगणवाडी मुलांच्या वस्तीत नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. या पद्धतीत शिक्षिकेचे मुख्य काम वातावरणाची आखणी करणे हे होते. निवड मूल करीत असे. लघुव्यवसायाच्या मालकाची भूमिकाही अशीच असावयास हवी. हाताशी आहे त्याच साधनांतून, चालू कामातच, निवडीला जागा निर्माण करणे हे त्याचे काम होय.

अशी जागा कशी निर्माण करावी, याचे व्यावहारिक मार्गदर्शन मराठी मुलांच्या अंगणातील खेळांतच सापडते. त्यांतील तीन नियम विशेष विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला नियम 'टाइमप्लीज'चा. खेळ ऐन रंगात असतानाही एखाद्याने टाइमप्लीज म्हटले की त्याला थांबता येते आणि त्याचे कारण कोणी विचारत नाही. खेळातून बाहेर पडण्याची मुभा हीच खेळात राहण्याची खरी संमती. ज्या कर्मचाऱ्याला गाणे म्हणत माल विकणे आवडत नाही, त्याला मुकाट्याने माल बांधण्याचे स्वातंत्र्य हवे आणि त्याबद्दल त्याचा पगार किंवा मान कमी होता कामा नये.

दुसरा नियम 'राज्य' फिरण्याचा. ज्याच्यावर राज्य येते त्याला धावावे लागते. परंतु राज्य कायम एकावरच राहत नाही. लहान दुकानात मात्र भांडी घासणे, गोदाम झाडणे, उधारीची आठवण करून द्यायला जाणे ही नकोशी कामे बहुधा एकाच, वयाने वा मानाने लहान असलेल्या माणसाकडे जातात. हे राज्य आठवड्यागणिक फिरते ठेवले आणि त्यात मालकाचीही पाळी आली, तर वातावरण बदलण्यास वेगळ्या कार्यक्रमाची गरज उरत नाही. शिवाय गोदाम झाडल्यावर मालकालाही कळते की कोणता माल किती दिवस पडून आहे.

तिसरा नियम 'लिंबूटिंबू'चा. लहान मुलाला खेळात घेतात, पण तो बाद होत नाही. तो चुकत चुकत शिकतो आणि एक दिवस पक्का गडी होतो. नवख्या कामगाराच्या आणि नव्या कल्पनेच्या बाबतीत हाच न्याय लावता येतो. उदाहरणार्थ, एखाद्या बेकरीने दर आठवड्याला एक ट्रे नव्या प्रयोगासाठी राखून ठेवला आणि तो भट्टीवरील कामगारांनी पाळीपाळीने आपल्या कल्पनेप्रमाणे भरला, तर प्रयोग फसल्यास तोटा एका ट्रेपुरताच राहतो. यशस्वी झाल्यास नवा पदार्थ हाती लागतो. तोट्याची मर्यादा आधी ठरलेली असल्यामुळे चुकीची भीती राहत नाही. प्रयोग यशस्वी झाला तर त्याचे श्रेय आणि लाभाचा काही भाग संबंधिताला मिळणे मात्र आवश्यक आहे. अन्यथा खेळ कामगाराचा आणि जिंकणे मालकाचे, अशी स्थिती होईल.

मर्यादा

काही गोष्टी खेळाच्या सीमेबाहेरच राहावयास हव्यात. वेतन वेळेवर देणे, हिशेब चोख ठेवणे, यंत्राची व अग्नीची सुरक्षितता, अन्नाची शुद्धता आणि ग्राहकाच्या वजनमापातील सचोटी यांत प्रयोगाला जागा नाही. वेतन थकवून वातावरण खेळीमेळीचे ठेवण्याचा प्रयत्न म्हणजे फसवणूक होय. दुसरी मर्यादा इतरांच्या भावनांची आहे. २००९ साली सिएटलमध्ये भरलेल्या पशुवैद्यकांच्या अधिवेशनात मासे फेकण्याचे प्रात्यक्षिक योजले गेले तेव्हा 'पेटा' या प्राणिहक्क संघटनेने त्यास आक्षेप घेतला. एकाला जो खेळ वाटतो तो दुसऱ्याला अवमान वाटू शकतो, याचे भान ठेवावे लागते. आपल्याकडे थट्टेचा विषय पुष्कळदा जात, बोली, रूप किंवा लिंग हा असतो. अशी थट्टा क्रीडावृत्तीत मोडत नाही. तिसरी मर्यादा काळाची आहे. सततचा उत्साह कोणत्याही माणसाला शक्य नसतो. मूलसुद्धा दमते आणि झोपते. विश्रांतीची सुट्टी न देता उत्साहाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

निष्कर्ष

१. क्रीडावृत्ती ही कामाला दिलेली विश्रांती किंवा सजावट नसून काम करण्याची एक रीत आहे. ती कामाच्या गरजेतून उपजली तरच टिकते.
२. स्वेच्छा हा तिचा प्राण आहे. मालक तिची आज्ञा देऊ शकत नाही. तो केवळ अनुकूल वातावरण निर्माण करू शकतो आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या अधिकाराचा काही भाग सोडावा लागतो.
३. मालक व कामगार यांच्यातील कमी अंतरामुळे लघुव्यवसाय या वृत्तीस विशेष अनुकूल आहे. मात्र याच जवळिकीमुळे नकार देणे कामगाराला अवघडही जाते. म्हणून नकाराची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली असावी.
४. तोट्याची मर्यादा, कामाची पाळी आणि लाभातील वाटा हे तीन नियम आधी ठरलेले असले, तर खेळ शिस्तीला मारक न ठरता पूरक ठरतो.

महाविद्यालयीन स्तरावर उद्योजकता विकासाचे अध्यापन करताना प्रकल्प अहवाल, कर्जप्रकरण, करविषयक तरतुदी यांवर भर दिला जातो आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या लहान दुकानात काही दिवस थांबून तेथे कोण बोलते, कोण गप्प असते, राज्य कोणावर असते आणि ते कधी फिरते काय, याची नोंद घ्यावी. खेळत्या भांडवलाचे गणित पाठ्यपुस्तकातून शिकता येते. त्या दुकानात माणसांची बुद्धी कोठे अडकून पडली आहे, हे मात्र तेथे जाऊनच कळेल.